रंध्याची ढलपी आणि सँडरची भुकटी

भिवंडी तालुक्यातील भातशेतीत वैशाखाचे दिवस डागडुजीचे समजले जातात. राब भाजून झालेला असतो, पेरणीस थोडा अवकाश असतो, आणि मृगाच्या सरी येण्यापूर्वी कुदळी-फावड्यांचे दांडे, कोयत्यांच्या मुठी, घराची दारे-चौकटी, गोठ्यातील फळ्या व धान्याच्या पेट्या यांची दुरुस्ती उरकून घ्यावयाची असते. पूर्वी हे सारे काम गावच्या सुताराच्या वाकस, रंधा व पटाशी यांवर चाले. आता सुताराच्या सामानात, आणि काही शेतकऱ्यांच्या घरीही, विजेवर चालणारे हातसँडर आले आहे. ज्या फळीला काचकागदाने घासण्यात अर्धा दिवस मोडे, ती तासाभरात गुळगुळीत होते.

हा लाभ खरा आहे. दांड्यावरची एक सल तळहातात मोडली, तर ऐन लावणीत चिखलात हात घालणाऱ्या माणसास तिचा त्रास आठवडाभर पुरतो. जखमेतून धनुर्वाताचेही भय असते. गुळगुळीत अवजार ही चैन नव्हे, ती शेतीची गरज आहे. म्हणून सँडरला नावे ठेवण्याचे कारण नाही. तपासून पाहावयास हवी ती त्याच्याविषयीची एक समजूत. करवतयंत्राला दात असतात, ग्राइंडरची चकती फुटून अंगावर येते. सँडरला मात्र पाते नाही, सबब ते निरुपद्रवी, असे सहज मानले जाते. हे यंत्र बोट सहसा तोडत नाही, हे खरे. परंतु त्याचा अपाय श्वासाच्या वाटेने होतो, आणि त्याचा हिशेब कित्येकदा वीस-पंचवीस वर्षांनी पुढे येतो.

ढलपी खाली पडते, भुकटी हवेत राहते

रंधा चालविला की लाकडाची पातळ, लांब ढलपी निघते. ती सुताराच्या पायाशी पडते आणि संध्याकाळी चुलीत जाते. हातकरवतीचा भुसाही बहुतांशी जाडच असतो. सँडरच्या कागदावरील कठीण कण मात्र लाकडाला मिनिटाला हजारो ओरखडे काढतात, आणि त्यांतून निघते ते पीठ होय. माणसाच्या केसाची जाडी साधारणतः ७० मायक्रॉन धरली, तर या पिठातील बारीक कण १० मायक्रॉनहूनही लहान असतात. ते डोळ्यांस दिसत नाहीत, लवकर खाली बसत नाहीत, आणि नाकातील केसांना चुकवून आत जातात. जमिनीवर जो ढीग दिसतो तो फारसा अपाय करीत नाही. हवेत जे दिसत नाही तेच अपाय करते.

“आज्या-पणज्यांनी जन्मभर लाकूड तासले, त्यांना काही झाले नाही,” असे उत्तर गावोगाव ऐकावयास मिळते. त्याचे प्रत्युत्तर याच फरकात आहे. आज्याने ढलपी काढली; नातू पीठ काढतो. धंदा तोच राहिला, धूळ बदलली.

इंग्लंडमधील हाय विकम हे गाव खुर्च्या व लाकडी सामान यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होते. नाकाच्या पोकळीतील एक विरळ कर्करोग तेथील रुग्णांपैकी लाकूडकाम करणाऱ्यांमध्ये वारंवार आढळतो, ही गोष्ट तेथील कान-नाक-घशाच्या शल्यचिकित्सक एस्मे हॅडफील्ड यांच्या ध्यानात आली. याविषयी त्यांनी सहकाऱ्यांसह केलेला अभ्यास १९६८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात लाकडाच्या धुळीला, माणसास निश्चितपणे कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. प्रत्येक सुतारास हा रोग होतो, असा याचा अर्थ नाही. तो विरळच आहे. परंतु चोंदलेले नाक, न हटणारा खोकला, दमा, डोळ्यांची आग आणि अंगावरची खाज हे विकार त्याहून पुष्कळ नित्याचे आहेत. सागाच्या व शिसवीच्या धुळीने काहींच्या त्वचेचा दाह होतो, हेही जाणते सुतार ओळखून असतात.

बारीक धुळीचा हा धडा भिवंडीस नवा वाटू नये. यंत्रमागांच्या या शहरात कापसाचे तंतू हवेत असतात, हे शेजारच्या गावांना ठाऊक आहे. कापसाच्या धुळीने छाती आवळते त्या विकारास वैद्यकात बिसिनोसिस हे नावही आहे. कापसाच्या धुळीस जे लागू पडते तेच लाकडाच्या भुकटीस लागू पडते. फरक इतकाच की, गिरणीतील धुळीवर देखरेख करणारे कोणीतरी असते. अंगणातील सँडरवर देखरेख करणारा स्वतः काम करणाराच असतो.

कमी धूळ, अधिक चांगले काम

धूळ टाळण्याचा सर्वांत मोठा उपाय मुखवट्यात नसून कामाच्या पद्धतीत आहे. सँडर हे लाकूड काढण्याचे यंत्र नव्हे. ते शेवटचा हात फिरविण्याचे यंत्र होय. फळी वाकडी असेल, जाडी कमी-अधिक असेल, करवतीच्या खुणा खोल असतील, तर ते काम आधी रंध्याने करावे. रंधा जे काढतो ते ढलपीच्या रूपाने निघते आणि कोणाच्या फुप्फुसात जात नाही. रंध्याचे काम सँडरकडून करवून घेणारा माणूस तिप्पट कागद झिजवितो, दुप्पट वेळ घालवितो, आणि सारे लाकूड हवेत उडवितो. असे काम आळसाचेही ठरते आणि खर्चाचेही.

बाजारात मुख्यतः तीन प्रकार आढळतात. पट्ट्याचे सँडर फार वेगाने लाकूड काढते. जाड फळ्यांस ते ठीक, पण नवख्याच्या हातात ते क्षणात खड्डा पाडते. चौकोनी तळव्याचे सँडर सौम्य असून सपाट भागास व कोपऱ्यांस उपयोगी पडते. तिसरे गोल चकतीचे, बहुधा १२५ मिलिमीटर व्यासाचे. त्याची चकती फिरता फिरता इकडे-तिकडेही हलते, म्हणून एकाच जागी गोल ओरखडे उठत नाहीत. घरगुती व शेतीच्या कामास हे तिसरे पुरेसे आहे. ग्राइंडरला घासण्याची चकती लावून तेच काम भागविण्याची प्रथा मात्र सोडावयास हवी. त्याचा वेग फार अधिक, त्यास धूळ धरणारी पिशवी नाही, आणि लाकडात तो खळगे पाडतो ते वेगळेच.

यंत्र चालविताना बळाचा उपयोग नसतो. त्याचे स्वतःचे वजन आणि वर ठेवलेला हात एवढा दाब पुरतो. अधिक दाबल्यास चकतीची फिरकी मंदावते, लाकडावर वेटोळे उमटतात, आणि कागद तापून राळेने भरतो. तळवा लाकडावर सपाट टेकवून मगच कळ दाबावी. उचलताना यंत्र चालू असतानाच उचलावे आणि चकती थांबल्यावर खाली ठेवावे. सेकंदाला सुमारे अडीच सेंटिमीटर एवढ्या संथ गतीने ते सरकवावे, म्हणजे मीटरभर लांबीस पाऊण मिनिटाच्या जवळपास वेळ लागतो. प्रत्येक पट्टा मागील पट्ट्यावर निम्मा चढवावा. घाईने मागे-पुढे रेटणाऱ्याचे काम लवकर झाल्यासारखे दिसते. वार्निशचा हात बसला की त्यातील प्रत्येक ओरखडा उठून दिसतो.

कागदाचा क्रमही पाळावा. रंधलेल्या लाकडास ८० नंबरने आरंभ करावा, मग १२०, आणि शेवटी १८०. मधला नंबर गाळल्यास जाड कागदाचे ओरखडे बारीक कागदाने निघत नाहीत, आणि घासणे निष्कारण लांबते. प्रत्येक नंबरपूर्वी फळीवर पेन्सिलीच्या हलक्या रेघा माराव्यात. त्या सर्वत्र पुसल्या गेल्या की तो नंबर पुरा झाला असे समजावे. पुढचा कागद लावण्यापूर्वी फळी ओलसर फडक्याने पुसावी. कुदळीच्या दांड्यास १२० नंबर पुरतो, कारण फार गुळगुळीत दांडा घामेजलेल्या हातातून निसटतो. प्लायवुडवरील लाकडाचा थर कागदासारखा पातळ असतो. त्यावर बारीक कागद दोन-चार वेळा फिरविला की पुरे. ओल्या लाकडास तर सँडर लावूच नये. कोकणच्या पावसात भिजलेली फळी कागद भरून टाकते आणि वाळल्यावर पुन्हा खरखरीत होते. यासाठी घासाईचे काम उन्हाळ्यातच उरकावे.

धूळ धरणाऱ्या पिशवीकडे दुर्लक्ष होते ते एका साध्या कारणाने. चकतीच्या तळव्यास छिद्रे असतात आणि त्यांतूनच धूळ आत ओढली जाते. कागदावरील छिद्रे त्यांच्याशी तंतोतंत जुळली पाहिजेत. स्वस्त म्हणून बिनछिद्राचा कागद चिकटविला की पिशवी रिकामी राहते आणि सारी भुकटी अंगणात उडते. अशा वेळी दोष यंत्राचा नसून कागदाचा असतो. पिशवी अर्धी भरली की रिकामी करावी.

गोदामांचे लाकूड आणि पेंढ्याची उडवी

भिवंडी परिसरास एक विशेष अडचण आहे. मुंबई-नाशिक महामार्गालगतच्या गोदामांत माल ठेवण्यासाठी लाकडी पॅलेट व खोकी वापरली जातात, आणि तेथून निघणाऱ्या पाइनच्या फळ्यांपासून बाके, मांडण्या व दारे केली जातात. टाकाऊ लाकडाचा हा उपयोग स्तुत्य आहे. परंतु ती फळी घासण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, खिळे. लपलेल्या खिळ्यावर सँडर गेले की कागद फाटतो आणि ठिणगी उडते. ती पिशवीतील कोरड्या भुकटीत गेल्यास आत धुमसत राहते आणि काही वेळाने पेट घेते. दुसरी, शिक्का. परदेशी व्यापारातील पॅलेटवर ‘एचटी’ अथवा ‘एमबी’ अशा अर्थाची रोमन अक्षरे असतात. पहिल्याचा अर्थ लाकूड तापवून कीडमुक्त केले आहे, दुसऱ्याचा अर्थ मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिली आहे. घरच्या सामानासाठी पहिले निवडावे. तिसरी, डाग. ज्या फळीवर तेलाचे, रंगाचे अथवा रसायनाचे डाग आहेत आणि ज्यांचा उगम ठाऊक नाही, ती फळी घासू नये. ती चुलीतही जाळू नये.

आगीच्या धोक्याचा विचार खेड्यात अधिक काळजीने व्हावयास हवा. उन्हाळ्यात घराशेजारी पेंढ्याची उडवी असते, गोठ्यात कडबा असतो, आणि वाराही असतो. सँडरचे काम त्यांपासून दूर, मोकळ्या जागी करावे. भुकटीची पिशवी रात्रभर घरात भरलेली ठेवू नये. ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात रिकामी करून डबा बाहेर ठेवावा. दांड्यांना अळशीचे तेल चोळण्याची पद्धत उत्तम आहे, परंतु त्या तेलाचे फडके गोळा करून कोपऱ्यात टाकल्यास ते आपोआप तापून पेटू शकते. असे फडके उन्हात पसरून वाळवावे किंवा पाण्यात बुडवून ठेवावे.

जुना रंग : येथे सँडर नको

जुन्या दाराचा रंग उडविण्यासाठी सँडर लावणे ही सर्वांत वाईट सवय होय. पूर्वीच्या तेलरंगांत शिसे असे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम भारत सरकारने २०१६ मध्ये केला. त्यापूर्वी रंगविलेल्या दारा-खिडक्यांच्या रंगात शिसे असू शकते, असेच धरून चालावे. शिशाची भुकटी मोठ्यांपेक्षा लहान मुलांस अधिक बाधते; त्यांच्या मेंदूच्या वाढीवर तिचा दुष्परिणाम होतो, आणि तो भरून निघत नाही. ओसरीवर घासलेल्या दाराची धूळ त्याच ओसरीवर रांगणाऱ्या मुलाच्या हातास लागते व तोंडात जाते. असा रंग पाणी मारीत, पाण्याचा काचकागद हाताने घासून काढावा, खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरावा, आणि निघालेला गाळ त्या कागदातच बांधून टाकावा. गोठ्यावरील ॲस्बेस्टॉसयुक्त सिमेंटच्या जुन्या पत्र्यांस तर कोणत्याही कारणास्तव सँडर लावू नये. त्यांतील तंतू फुप्फुसात रुततात आणि पुन्हा बाहेर पडत नाहीत.

उपरणे हा उपाय नव्हे

धुळीच्या कामास तोंडावर उपरणे गुंडाळणे हा सर्वत्र आढळणारा उपाय आहे. त्याने जाड भुसा अडतो. बारीक भुकटी सुताच्या विणीतून सहज पार होते. भारतीय मानक ९४७३ प्रमाणे केलेला ‘एफएफपी२’ प्रतीचा मुखवटा त्यासाठी हवा. तो नाकावर घट्ट बसला पाहिजे; दाढीच्या कडेने हवा शिरत असेल तर त्याचा उपयोग उरत नाही. डोळ्यांस चष्मा आणि कानांत बोळे असावेत, कारण या यंत्राच्या सततच्या आवाजाने ऐकणे हळूहळू मंदावते. हाताला मुंग्या येऊ लागल्या की काम थांबवून थोडी विश्रांती घ्यावी. वारा पाठीकडून वाहील असे उभे राहावे. काम संपल्यावर अंगावरची धूळ हवेच्या नळीने उडवू नये. कपडे घराबाहेर काढून, हातपाय व तोंड धुऊन मगच मुलाबाळांत जावे.

विजेच्या बाबतीत नियम थोडे, पण कडक आहेत. कागद बदलताना प्लग काढलेला असावा. प्लग लावण्यापूर्वी यंत्राची कळ बंद आहे याची खात्री करावी. तार खांद्यावरून मागे घ्यावी, म्हणजे ती चकतीखाली येत नाही. गळती होताच वीज तोडणारी ३० मिलिॲम्पिअरची कळ घरात बसविलेली असावी, आणि ओल्या जमिनीवर उभे राहून यंत्र चालवू नये. सैल बाह्या, पदर व गळ्यातील माळ बांधून घ्यावी.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांचे काम

यंत्राची किंमत मोजताना एक चूक सर्वत्र होते. सँडरची किंमत दुकानदाराने सांगितलेली, आणि मुखवटा, छिद्रांचा कागद, चष्मा हे ‘पुढे पाहू’ या सदरातले. हा हिशेब बदलावयास हवा. धुळीची तजवीज ही यंत्राचाच भाग होय. नांगर घेताना फाळ वेगळा मोजत नाहीत, तद्वत सँडर घेताना मुखवटा वेगळा मोजू नये. ज्याच्या पैशात दोन्ही बसत नाहीत, त्याने यंत्र पुढच्या हंगामावर ढकलावे आणि रंध्यावर काम भागवावे. हे मत कित्येकांस कठोर वाटेल. परंतु मुखवट्यांचा वर्षाचा खर्च आणि दम्याच्या औषधांचा वर्षाचा खर्च शेजारी शेजारी मांडून पाहिल्यास त्यातील कठोरपणा उरत नाही.

या कामी शासकीय साहाय्याचाही उपयोग करून घेता येतो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश झाला, आणि त्यांत सुतारकाम आहे. अवजारसंचासाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य, प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन आणि सवलतीच्या व्याजाने कर्ज अशी तिची रचना आहे. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत होते, म्हणजे कारागीर आणि योजना यांची गाठ गावातच पडते. त्या वेळी कागदपत्रे तपासून थांबू नये. संचात श्वासरक्षणाचे साधन आहे काय, नसल्यास ते कारागीर कोठून घेणार, आणि प्रशिक्षणात धुळीविषयी काही शिकविले जाते काय, हे प्रश्न कार्यकर्त्यांनी विचारावेत. विचारले गेले नाहीत, तर ते कागदावर कधीच येत नाहीत.

याहून सोपे आणि बिनखर्चाचे काम म्हणजे प्रात्यक्षिक. गावात एक सागाची फळी घ्यावी. अर्धी सँडरने थेट घासावी, अर्धी आधी रंधून मग घासावी. दोन्हींस लागलेला वेळ व कागद मोजावा. त्यानंतर काळोख्या खोलीत दाराच्या फटीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत पिशवी असलेले व पिशवी काढलेले यंत्र क्षणभर चालवून दाखवावे. चालविणाऱ्याने अर्थातच मुखवटा घालावा आणि पाहणाऱ्यांनी दाराबाहेर उभे राहावे. एरवी न दिसणारी भुकटी त्या तिरिपेत दिसते. व्याख्यानाने जे पटत नाही ते या दृश्याने पटते, कारण शेतकरी ऐकलेल्यापेक्षा पाहिलेल्यावर अधिक विश्वास ठेवतो, आणि तो योग्यच आहे.

यंत्रे खेड्यात येत राहतील आणि यावीतही. कष्ट कमी व्हावेत हाच त्यांचा हेतू आहे. मात्र कष्ट हातावरून उतरून छातीवर चढले, तर ते कमी झाले असे म्हणता येणार नाही. ज्या सुताराच्या हातात अजून रंधा आहे, त्याने तो पेटीच्या तळाशी टाकू नये. रंधा आधी आणि सँडर शेवटी, हा क्रम पाळला तर काम सुबक होते, कागद वाचतो, आणि काम करणाऱ्याचा श्वासही वाचतो.